इजाजत नसलेलं व्याख्यान

हैदराबादच्या विद्यापीठात कला शाखेच्या इमारतीत शिरलं की जिन्यापाशी एक काळा फलक होता. दर गुरुवारी त्यावर येत्या पंधरवड्यातले कार्यक्रम उर्दूत लिहिले जात. अक्षर असं वळणदार, की पुसायला येणाऱ्या शिपायाचाही हात क्षणभर थांबावा. अमक्या तारखेला नाटक, तमक्या तारखेला वादविवाद, त्यानंतर इतिहासावर कुणा विद्वानाची तकरीर, म्हणजे व्याख्यान. आम्ही तेर गावचे तिघं तिथं शिकत होतो. गावाकडं 'कार्यक्रम' म्हणजे बारसं नाहीतर तेरावा. बोलणारा बोलतो आणि तीनशे माणसं नुसती ऐकून घेतात, याचंच आम्हाला भारी अप्रूप वाटायचं.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गावात असाच फलक लावायचं ठरवलं. निजामाचं राज्य होतं, साल चाळीसनंतरचं कुठलंतरी. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि आपल्यावाचून जगाचं सगळं अडतं याची मला पुरेपूर खात्री होती. एका जुन्या दाराची फळी काजळीनं काळी करून ती आम्ही चावडीसमोरच्या लिंबाला टांगली. वर मोठ्या अक्षरात 'येत्या पंधरवड्यातले कार्यक्रम', खाली दोनच ओळी. पहिली, नाटक. दुसरी, तेरच्या जुन्या नगरावर गुरुजींचं व्याख्यान.

"व्याख्यान म्हंजी कीर्तनच की?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"कीर्तन न्हाय, आजोबा. ह्यात टाळ नसतेत."

"मग झोप लई येणार," म्हणून तो निघून गेला.

हे गुरुजी म्हणजे आम्हा तिघांचे मराठीचे गुरुजी. सरकारी शाळेत सगळं शिक्षण उर्दूतून. शाळा सुटली की ते आम्हाला देवळाच्या ओट्यावर बसवून मराठी लिहायला शिकवायचे, बदल्यात काही घ्यायचे नाहीत. शाळेच्या नोकरीतून मोकळे झाल्यावर त्यांना एकच नाद लागला होता. तेरणेच्या काठानं हिंडायचं, मातीत सापडलेले मणी आणि खापराचे तुकडे न्याहाळायचे आणि हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी केवढं होतं ते वहीत लिहायचं. वही भरली होती. व्याख्यान तयार होतं. ऐकायला फक्त बाई होत्या, त्यांच्या पत्नी.

"माझं तर ऐकून ऐकून पाठ झालंय," बाई आम्हाला म्हणाल्या. "आता दुसऱ्या कुणाला तरी ऐकू द्या बाबांनो. लई दिस झाले त्यांना वाट बघून."

गुरुजींनी फलकावरची आपली ओळ पाहिली त्या दिवशी ते दोनदा चावडीवरून गेले. काम काहीच नव्हतं. नुसती ओळ वाचायला गेले होते.

पण नाटक असो की सभा, आधी सरकारची इजाजत घ्यावी लागे. मी अर्ज, म्हणजे दरख्वास्त, घेऊन धाराशिवला गेलो. कचेरीतल्या पेशकारांनी, म्हणजे मुख्य कारकुनांनी, ती नाकाजवळ धरून वाचली. माणूस भला होता, पान खाऊन लाल झालेल्या ओठांनी हसायचा.

"नाटक करो मियां, खुशी से करो. तर्जुमा ला के देव, मोहर मारता मैं. तकरीर नक्को."

"साहेब, जुन्या खापरांवर बोलणार आहेत. म्हातारे आहेत."

"खापरों पे बोलते बोलते आदमी सरकार पे आ जाता. नक्को बोले तो नक्को."

म्हणजे नाटकाचं उर्दू भाषांतर, त्यांचा तो तर्जुमा, कचेरीत द्यायचा, त्याच्या पानापानावर मोहर घ्यायची आणि रंगमंचावर त्यातलंच बोलायचं. बाहेरचा एक शब्द निघाला तर खेळ बंद. दिवेलागणीच्या आत सगळं आटपायचं.

परतीच्या वाटेवर मला युक्ती सुचली आणि मी स्वतःवरच खूष झालो. नाटक माझंच होतं. शहरात शिकून आलेला मुलगा गावात मिजास करतो, असं. त्यात एक म्हातारा घालायचा. तो म्हणत फिरतो की इथं मोठं नगर होतं, माझं नगर कुठं गेलं. ते काम गुरुजींनीच करायचं आणि म्हाताऱ्याच्या तोंडी त्यांचं सबंध व्याख्यान! पण शहाणा माणूस इतकं बोलला तर ती तकरीर झाली. म्हणून मी त्याला वेडा केलं. वेड्याच्या बोलण्याला कोण हरकत घेणार? रातोरात तर्जुमा केला. पेशकारांनी वाचला, पोटभर हसले आणि पानापानावर मोहर मारली.

मग ती पानं मी गुरुजींपुढं ठेवली. त्यांनी वाचली. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

"ह्यात मी येडा हाय व्हय रे?"

"कचेरीसाठी तेवढं केलंय, गुरुजी. वाक्यं समदी तुमचीच हायेत."

"समदी?"

"एकबी गाळलं न्हाय."

त्यांनी पानं नीट जुळवून वहीत ठेवली. "मग चालतंय," म्हणाले. त्यांच्या या 'चालतंय'चा अर्थ मला तेव्हा कळला नाही. कळून घ्यायला मी थांबलोही नाही. मला तालमीची घाई होती.

आठवडी बाजाराच्या दिवशी, ऊन उतरल्यावर खेळ ठेवला. दोन बैलगाड्या जोडून त्यावर फळ्या टाकल्या, मागं सतरंजी बांधली. बाजाराला आलेली माणसं तशीच थांबली. एवढी गर्दी आम्ही धरलीच नव्हती. समोर खुर्चीवर पोलिसांचे अमीनसाहेब, मांडीवर मोहर मारलेली पानं, बोट पहिल्या ओळीवर.

गुरुजींना मीच रंगवलं. रंग कुठला, त्यांच्याच घरातल्या शाळेच्या खडूची पूड खोबरेलात कालवली आणि तोंडाला फासली. अंगावर फाटकं घोंगडं. ते डोळे मिटून बसले होते. ओठ पुटपुटत होते.

त्यांचा प्रवेश आला. ते पुढं गेले, हात जोडले आणि म्हणाले, "सज्जनहो."

सगळा बाजार हसला. घोंगडं पांघरलेला वेडा आपल्याला सज्जनहो म्हणतो म्हटल्यावर हसणारच. गुरुजी थांबले. हशा ओसरल्यावर पुढचं वाक्य म्हणाले. या गावी विणलेलं तलम कापड बैलांवर लादून समुद्रापर्यंत जाई आणि तिथून जहाजांनी परमुलखात जाई.

"बैलं कुठं गेली मग, परत आली न्हाईत व्हय?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. पुन्हा हशा. नदीकाठी मातीच्या बाया सापडतात म्हणाले, तेव्हा तर हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. शिट्ट्या, टाळ्या. माझा मित्र, जो नाटकातला मुलगा झाला होता, तोही तोंड फिरवून हसत होता. मी सतरंजीमागून बघत होतो. त्यांचं प्रत्येक वाक्य खरं होतं, हे त्या गर्दीत मला ठाऊक होतं. आणि ते खोटं वाटावं अशी व्यवस्था मीच केली होती. एवढी लाज मला जन्मात पुन्हा कधी वाटली नाही.

बायकांच्या घोळक्यात बाई बसल्या होत्या. त्या हसत नव्हत्या. गुरुजींच्या बरोबरीनं त्यांचेही ओठ हलत होते. एका ठिकाणी हशात गुरुजी अडखळले, तेव्हा त्यांनी बाईंकडं पाहिलं आणि पुढचं वाक्य उचललं. शेवटच्या ओळीपर्यंत गेले. एक शब्द गाळला नाही.

खेळ संपल्यावर अमीनसाहेब खास मागं आले. "बुड्ढे का काम बहोत अच्छा हुआ," म्हणाले. गुरुजींनी वाकून सलाम केला.

"गुरुजी, माझं चुकलं," मी म्हणालो.

"चुकलं कशानं? माणसं व्हती की समोर," ते म्हणाले. घोंगड्याची घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली आणि तोंड न धुताच बाईंबरोबर घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच फलक उतरवायला गेलो. मित्रांना तोंड दाखवायची इच्छा नव्हती. फळीची दोरी सोडत होतो, तेवढ्यात एक शेतकरी येऊन उभा राहिला. कपाळाला विभूती, काखेत धडप्यात बांधलेलं काहीतरी.

"काल येडं झालते ते म्हातारबाबा कुठं ऱ्हातेत?"

आता आणखी चेष्टा कशाला, म्हणून मी जरा तोडूनच विचारलं, "काय काम हाय?"

त्यानं धडपं सोडलं. आत वीतभर मातीची बाई होती. नाक झिजलेलं, पण डोक्यावरची केसांची घडण अगदी स्पष्ट, कानांत मोठाली कुंडलं.

"नांगराला गवसली दोन सालामागं. फेकावं का पुजावं कळंना, म्हणून कणगीमागं ठिवली. काल बाबा तिचंच सांगत व्हते. पण माणसं लई हसत व्हती, मला पुढचं ऐकूच आलं न्हाय. म्हणलं, आज जाऊन इचारावं."

मी त्याला घेऊन गेलो.

गुरुजी अंगणात तांब्या घेऊन तोंड धूत होते. कानामागं खडू तसाच पांढरा राहिला होता. शेतकऱ्यानं ती मातीची बाई त्यांच्या ओंजळीत ठेवली. गुरुजींनी ती उन्हाकडं धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग जपून कोनाड्यात ठेवली आणि आत गेले. बराच वेळ झाला. शेतकरी माझ्याकडं बघायला लागला.

ते बाहेर आले ते धुवट कोट घालून, गळ्यापर्यंत गुंड्या लावून, डोक्याला रुमाल बांधून. हातात वही होती. शाळेच्या तपासणीला घालायचे तो हा कोट. एका माणसाच्या सभेला कुणाची इजाजत लागत नव्हती.

"बसा," ते शेतकऱ्याला म्हणाले. बाई हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. मी मागं भिंतीशी बसलो. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही.

गुरुजी अंगणाच्या मधोमध उभे राहिले. वही उघडली, पण तिच्याकडं पाहिलं नाही.

"सज्जनहो," ते म्हणाले.

शेतकऱ्यानं मागं वळून पाहिलं, आणखी कोण कोण आलंय ते. मग डोईचं पागोटं नीट केलं आणि मांडी घालून ऐकत बसला.