आधी मीठ, मग पाणी

माशांच्या टाकीसाठी समुद्राचं कृत्रिम मीठ कालवताना एक नियम पाळायचा असतो. आधी पाणी, मग मीठ. ड्रममध्ये पाणी भरायचं, आत छोटा पंप फिरत ठेवायचा आणि मीठ थोडंथोडं सोडत जायचं. उलटं केलं, म्हणजे आधी मीठ ओतून त्यावर पाणी घातलं, की पाणी ताकासारखं पांढरं होतं आणि निवळल्यावर तळाला पांढरट, भुरकट गाळ बसतो. मग तुम्ही तो दिवसभर ढवळा, विरघळायचं नाव घेत नाही, कारण तो मिठातून बाहेर पडलेला चुना असतो. बोटांत चोळला तर बारीक रवाळ लागतो आणि ड्रमला धरला तर लिंबूसत्त्व टाकून घासत बसावं लागतं. मी कारखान्यात माल तपासायच्या खात्यात आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातली खोट काढायची आणि घरी येऊन घरच्यांच्या कामातली, असं बायको माझ्याबद्दल सांगते. सांगायचा मुद्दा, माझ्या ड्रमात गाळ नसायचा. आप्पा आमच्याकडे राहायला आले आणि तो दिसायला लागला.

आप्पा म्हणजे माझे वडील. आता ते नाहीत. आमचं घर निमोणे गावचं, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे फिरलेलं. मी शाळेत असतानाच कळप गेला आणि शेती आली, पण आप्पा शेतकरी झाले ते फक्त सातबाऱ्यावर. कांद्याच्या वाफ्यात उभे असले तरी त्यांचं लक्ष रस्त्याने कुणाची मेंढरं चालली आहेत इकडे. आई गेल्यावर ते गावी एकटेच होते. मग त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. शिक्रापुरात डायलिसिसची सोय होती आणि आमचा फ्लॅटही तिथेच, म्हणून मी त्यांना घेऊन आलो. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं ते दोन गोष्टींचं. पाणी मोजून आणि मीठ जवळजवळ बंद. मीठ खाल्लं की तहान लागते, तहान लागली की पाणी पोटात जातं, आणि ते बाहेर टाकायला किडनी नाही. मग ते पायांत साठतं, पुढे फुप्फुसात. जीव जायला तेवढं पुरतं, असं डॉक्टर माझ्या बायकोकडे बघून म्हणाले, कारण स्वयंपाक तिचा.

तिने त्यांची भाजी वेगळी करायला सुरुवात केली. आळणी आमटी, आळणी भाजी. आप्पा निमूट जेवायचे. एकदाच म्हणाले, "पोरी, तुझ्या हाताला दोष न्हाई. पर ह्ये जेवान न्हवं, औशिद हाय." त्यावर ती हसली होती.

आमच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्यात प्रवाळ आहेत, काही मासे आहेत. हा नाद मला बऱ्याच वर्षांपासूनचा. घरी येणारे लोक माशांची नावं विचारतात आणि प्रवाळांना फुलं म्हणतात. आप्पा आले तेव्हा पहिले काही दिवस हायवेवरच्या ट्रकांना वैतागून टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचे. एके दिवशी म्हणाले, "ही फुलं न्हाईत. दिवा लागला का उघडत्यात, इझला का मिटत्यात. जनावरं हायती व्हय?"

मी म्हणालो, "व्हय आप्पा, जनावरंच."

"मग त्यांचं मीठपाणी कोन बघतं?"

पुढच्या रविवारपासून ते काम त्यांचं झालं. मला खरं तर ते कुणाच्या हाती द्यायचं नव्हतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर जनावरं सांभाळली तो खुर्चीत बसून भिंतीकडे बघतोय, हे मला सहन होत नव्हतं. मी नियम समजावून सांगितला, त्यांनी मान डोलावली आणि मी बाजारात गेलो. परत आलो तर गॅलरीतला ड्रम दुधासारखा पांढरा. संध्याकाळी तळाला बोटभर गाळ.

मी चिडलोच. "आप्पा, आधी पाणी म्हणालो होतो ना?"

त्यांनाही राग आला. "आधी मीठच असतं. काठवटीत मीठ ठिवायचं, हात लावून बघायचं, खडा मोठा असला तर फोडायचा, मग पानी. मेंढरांना असंच दिलंय म्या. वरनं मीठ फेकायचं म्हंजी काय, जनावराला द्यायचंय का भांडी घासायची?"

मी चुन्याचं सगळं समजावलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, गाळातलं चिमूटभर उचललं आणि उन्हात धरलं. "ह्ये दौंडाकडच्या रानागत हाय," म्हणाले. उन्हाळ्यात आमचा कळप तिकडे उतरायचा. बारमाही पाण्याने खारावलेल्या त्या जमिनी वरून पांढऱ्या फुटायच्या, पीक यायचं नाही, पण मेंढरं ती माती चाटत उभी राहायची आणि हाकलल्याशिवाय हलायची नाहीत. हे सांगताना आप्पांचा आवाज बदलला होता. मला मात्र समोर फक्त घासायचा ड्रम दिसत होता.

दर रविवारी तेच. त्यांना सांगितलं की मान डोलवायचे आणि मी वळलो की आधी मीठ. शेवटी मीच माघार घेतली. गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत घालायचं आणि चुना कमी पडतो तो वेगळा घालायचा, असा रस्ता काढला. खाली राहिलेला गाळ आप्पा मोरीत टाकू द्यायचे नाहीत. मीठ मोरीत टाकायचं नसतं. हे मीठ नाही असं मी म्हटलं तर म्हणायचे, मिठातनंच आलं ना? ते तो वर्तमानपत्रावर वाळवायचे आणि कुंडीत घालायचे.

बरं चाललं होतं. प्रवाळ छान उघडत होते. आप्पांना मात्र सूज यायला लागली. आधी घोट्यावर, मग पोटऱ्यांवर, मग सकाळी डोळ्यांखाली. डायलिसिसच्या दिवशी वजन केलं की काटा भलताच पुढे. डॉक्टर म्हणाले, "मीठ जातंय कुठून तरी. घरी नीट लक्ष द्या." हे त्यांनी पुन्हा माझ्या बायकोकडे बघून म्हटलं. ती घरी येऊन आप्पांच्या आळणी आमटीच्या पातेल्यापुढे उभी राहिली आणि रडली. मी तिला म्हटलं, चुकून घातलं असशील. हे मी म्हणायला नको होतं. त्यानंतर ती आमचंसुद्धा आळणी करायला लागली, मिठाची बरणी कपाटात ठेवून किल्ली स्वतःजवळ ठेवायला लागली. सूज तरीही वाढतच होती. एकदा मध्येच त्यांना धाप लागली, डायलिसिसच्या वारापर्यंत थांबता आलं नाही आणि धावतपळत दवाखान्यात न्यावं लागलं. तिथे मशीनला लावलेल्या आप्पांकडे बघताना मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. ह्यांना आपण इथे जगवायला आणलं आणि आपल्याच घरात ते बुडताहेत, असं मनात आलं.

ते उघडकीला आलं ते मिशीमुळे. एका सकाळी चहा द्यायला गेलो तर आप्पांच्या मिशीच्या कडांना पांढरं काही वाळलेलं दिसलं. आधी वाटलं पेस्ट. पण आप्पा मशेरी लावायचे. मी बोटाने पुसलं, ते रवाळ लागलं. दुसरं काही सुचायच्या आत मी बोट जिभेला लावलं. खारट.

मी गॅलरीत गेलो. ड्रमच्या मागे स्टीलचा पेला होता, आतून पांढऱ्या रेघा धरलेला. एकीवर एक अशा रेघा होत्या, म्हणजे हे एका दिवसाचं नव्हतं.

मी पेला त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी नजर चोरली नाही.

"जनावराला द्यायचं ते आधी आपन चाखायचं," म्हणाले. "माझ्या बापानं चाखलं, म्या चाखलं. न चाखता दिलं न्हाई कवा."

"आप्पा, चाखायला बोट पुरतं. हा पेला हाय."

त्यांनी पेला उचलून आतल्या रेघांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "बोटानंच चाखत हुतो. मग राहवंना. बरं लागतं रं. निसतं तोंडात धरलं तरी बरं लागतं."

बायको दारात उभी होती. मला वाटलं आता ती फटकन काही बोलेल, तिचा तो हक्कच होता. ती आत गेली, ओला रुमाल घेऊन आली आणि त्यांची मिशी पुसली.

मी ड्रमला कुलूप घातलं. दुसरं काय करणार होतो? सूज उतरली, वजन आटोक्यात आलं, डॉक्टर खूश झाले. आप्पांनी खुर्ची फिरवून टाकीकडे पाठ केली. बोलणं तुटक झालं. मशीनवरून आले की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मी टाकीला पाणी घालत असलो तरी वळून बघायचे नाहीत. रोगाने गेले नसते ते ह्या रिकामपणाने जातील, असं मला रोज वाटायचं. आणि कुलपाची किल्ली माझ्या खिशात होती.

एका रविवारी मी ड्रम हॉलमध्ये आणला आणि त्यांच्या खुर्चीसमोर ठेवला. म्हणालो, "आप्पा, कालवायचं तुम्ही. चाखायचं मी. घरातल्यानं चाखलं म्हंजी झालं ना?"

त्यांनी विचार केला. "चालंल," म्हणाले. "तू बी घरातलाच हायस."

त्यांनी बादलीतलं मीठ ड्रममध्ये ओतलं, हात फिरवला, खडे फोडले. मी वरून पाणी घातलं. पांढरं झालं. मी बोट बुडवून चाखलं.

"कसं लागतंय?"

"बरोबर हाय."

"बरोबर म्हंजी कसं?"

खारटपणा मोजायची नळी माझ्याकडे आहे, दुर्बिणीसारखी डोळ्याला लावून आकडा वाचायचा. आकडा सांगितला तर त्यांना त्याचा उपयोग नव्हता. मी पुन्हा बोट बुडवलं. "आधी जिभेच्या शेंड्याला खारट लागतं," म्हणालो. "मग कडांना पसरतं. उकडलेल्या शेंगांच्या पाण्यावानी. शेवटी मागं जरा कडू." आप्पा डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी आवंढा गिळला. मला ते बघवेना, पण मी सांगायचं थांबलो नाही. त्यानंतर प्रत्येक रविवारी मला चव सांगावी लागायची आणि मागच्या वेळेसारखंच सांगितलं की ते ऐकून घ्यायचे नाहीत. माल तपासणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी इतकं बारकाईने काही तपासलं नसेल. त्यांनी खुर्ची पुन्हा टाकीकडे वळवली होती. ते महिने आमचे चांगले गेले, हे मला मोकळेपणाने लिहायचं आहे.

मग त्यांचं हृदय थकलं. मशीनवर घातलं की रक्तदाब खाली यायचा, अर्ध्यावर थांबवावं लागायचं. एका दुपारी डॉक्टरांनी मला आणि बायकोला आत बोलावलं. आता ह्या शरीराला मशीन झेपत नाही, म्हणाले. घरी न्या. पथ्य नको. जे खावंसं वाटेल ते द्या. आम्ही गाडीने परत निघालो. मागच्या सीटवर आप्पा खिडकीतून हायवेवरचे ट्रक बघत होते.

घरी आल्यावर बायकोने कपाट उघडून बरणी बाहेर काढली. पिठलं केलं, बाजरीची भाकरी केली. आप्पांना उशीला टेकवून बसवलं आणि ताट पुढे ठेवलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले.

"मीठ घातलंस व्हय, पोरी?"

"व्हय, मामा."

"डाक्टर काय म्हनला?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "आता काय बी खाल्लं तरी चालंल म्हणाला."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यांना कळलं. घास त्यांनी सावकाश चावून गिळला. ज्या चवीसाठी त्यांनी ड्रममागे पेला लपवला होता ती आता समोर ताटभर होती, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"खारट झालंय गं जरा," ते म्हणाले.

झालं नव्हतं. भीतीने तिने आम्ही पूर्वी खायचो त्याच्या निम्मंच घातलं होतं. त्यांची जीभ मिठाची चव विसरली होती.

"उद्या कमी घालते, मामा," ती म्हणाली.

आप्पांनी मान डोलावली आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.