गुलाबी बेसिन

चिंचवडच्या आमच्या जुन्या घरातलं बाथरूम गुलाबी होतं. वडिलांनी घर बांधलं तेव्हाच्या फॅशनप्रमाणे फरशा गुलाबी, बेसिनही गुलाबी. वडील गेल्यावर आम्ही ते फोडून सगळं पांढरंशुभ्र करून घेतलं. पुढे आईला विसरायला होऊ लागलं आणि ती त्या पांढऱ्या बाथरूमच्या दारातच अडू लागली. "हे आपलं नाही गं. लोकांच्या घरात कशी आंघोळ करू?" म्हणायची.

म्हणून मी चिखलीच्या भंगारवाल्यांकडे जुनं बेसिन शोधत हिंडले. एका चाचांनी गोण्यांखालून गुलाबी बेसिन काढून दिलं, कडेला टवका उडालेलं. फरशा तशाच मिळेनात, त्यातल्या त्यात जवळच्या रंगाच्या बसवल्या.

काम झालं त्या सकाळी आईला हाताला धरून नेलं. ती न अडखळता आत गेली. बेसिनवरून हात फिरवला, तोंड धुतलं आणि मागे न बघताच हाक मारली, "अहो, टॉवेल द्या की."

मी टॉवेल दिला. तिनं माझ्याकडे पाहिलं. "हे कुठं गेले?"

तोवर वडील नाहीत एवढं तिला नीट आठवत होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "फर्स्ट शिफ्टला गेलेत."

"डबा दिलास ना?"

"दिला."

आता ती रोज बिनतक्रार आंघोळ करते. शिफ्ट सुटायची वेळ झाली की मात्र फाटकापाशी जाऊन उभी राहते, आणि तिला आत चल म्हणायला माझी जीभ रेटत नाही.