रविवारचा सराव

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या रविवारी मी घरीच होतो.

कंडक्टरकाका बोलताना दोन्ही तळहात उघडून समोर धरत. जन्म एसटीत गेला, निवृत्तीनंतर नाशिकला आमच्या सहकारी सोसायटीत एकटेच राहत. "प्रवाशांच्या शिव्यांनीच पोट भरलं," म्हणायचे, "पण परत एकही दिली नाही."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेजारी एका बिल्डरचं काम निघालं. त्याला ट्रक आमच्या मैदानातून न्यायचे होते. सभेत ठरलं, ट्रकपुढे बसायचं, पण कुणी हात उचलायचा नाही. "नुसतं ठरवून काय होतंय? त्याला सराव लागतो," काका म्हणाले. मग दर रविवारी सकाळी मैदानात सतरंजी. एकाने मध्ये बसायचं, एकाने मारायचं, बाकीच्यांनी धावत येऊन बसलेल्याभोवती कडं करायचं.

मारणारा मी. अंगाने आडवा, म्हणून. हातात वर्तमानपत्राची गुंडाळी. हळू मारलं की काका चिडत.

"अहो साहेब, माश्या हाकलताय का? मन लावून मारा!"

गॅलऱ्यांतून हशा. लोक कडं करू लागले की काकांमधला कंडक्टर जागा व्हायचा. "सरका, जवळ सरका! फट राहिली की तिथूनच मार आत येतो."

त्या रविवारी मला कंटाळा आला होता. उशिरा उठलो, चहाचा कप घेऊन गॅलरीत आलो. खाली काका एकटेच सतरंजी अंथरत होते. फाटकातून तिघं आत आले. एकाच्या हातात दांडकं होतं. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते शांतपणे खाली बसले, तळहात उघडून. ओरडले नाहीत. आम्हाला शिकवायचे, अगदी तसंच.

वरच्या मजल्यावरून कुणीतरी हसत ओरडलं, "मन लावून मारा!"

शेजारच्या काकूंनी कठड्यावरून विचारलं, "आज तुम्ही नाही का हो मारायला?"

मारणारा मी होतो आणि मी वर उभा होतो. खालचा मार खरा आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणालो, "आज काकांनी सरावाला नवीन माणसं आणलीत."

"असं होय," म्हणत काकूंनी ते पलीकडच्या गॅलरीत सांगितलं. काकांनी दोनदा मान वळवून जिन्याकडे पाहिलं. मी आत सरकलो.

खाली रक्त दिसलं तेव्हा लोक धावले. तोवर तिघं निघून गेले होते. काकांचा उजवा हात मोडला होता. पुढच्याच आठवड्यात मैदानातून ट्रक गेले. कुणीही बसलं नाही.

मी भेटायला गेलो.

"त्या दिवशी दिसला नाहीत?"

"द्वारका चौकात गॅरेजला गेलो होतो, काका. गाडीचं काम होतं."

"बरं झालं बुवा. तुम्ही असता तर पहिले धावला असता, उगाच तुम्हालाही लागलं असतं." मग प्लास्टरकडे बघत म्हणाले, "लोकांचा काही दोष नाही हो. मीच सराव इतका खऱ्यासारखा घेतला, की खरं आलं तेव्हा कुणाला ओळखता आलं नाही. असलं शिकवायलाच नको होतं मी."

सराव बंद झाला. सतरंजी त्यांनी कुणाला देऊन टाकली, कळलं नाही. शेजारच्या काकूंनी कठड्यावरून माझ्याशी बोलणं सोडलं.

दोनेक वर्षांनी काका भाचीकडे देवळाली कॅम्पला राहायला गेले. टेम्पोत बसताना निरोपाला हात वर केला, तेव्हा उजवा तळहात अर्धाच उघडला. तेच त्यांचं शेवटचं दर्शन. ते तिथेच वारले. मी गेलो नाही.

काका, तुमच्या सरावात खोट नव्हती. लोक येऊ नयेत असं मी केलं. एवढं त्यांना सांगणं माझ्याकडे राहिलंय.