बर्फातली आग आणि युसूफचं जॅकेट

आमच्या ऑफिसातले किस्से कूलरच्या जाळीवरच्या क्षारासारखे आहेत. मुद्दाम कोणी जमवत नाही. आपोआप साचतात, आणि एक दिवस वारा यायचा बंद होतो. त्याआधी थोडे खरवडून देतो.

ऑफिस म्हणजे जळगावात तिसऱ्या मजल्यावर, पत्र्याखाली, चार कॉम्प्युटर आणि एक कूलर. एसी आहे, पण तो सरांच्या केबिनमध्ये. आम्ही एका परदेशी कंपनीसाठी गेम बनवतो. गेममध्ये सगळीकडे बर्फ. स्क्रीनच्या कोपऱ्यात उबेची पट्टी असते, ती कमी कमी होत जाते आणि संपली की माणूस मरतो. शेकोटीजवळ गेलं की पट्टी भरते. शेकोटीत सारखं लाकूड घालायचं, नाहीतर ती विझते. थोडक्यात, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत बसून आम्ही लोकांना गारठवतो.

गेममधली आग काढायचं काम युसूफचं. धुळ्याचा मुलगा, अब्बांची बेकरी आहे. लहानपणापासून भट्टीसमोर बसलेला, त्यामुळे आग त्याला कळते. पण तो ऑफिसात सगळ्यात नवीन, म्हणून कूलरमध्ये पाणी भरायचं कामही त्याचंच. दर दोन तासांनी एक बादली.

मी म्हणालो, "युसूफ, तू आग पण सांभाळतोस, पाणी पण. तुला काढलं तर सृष्टी बंद पडेल."

तो म्हणाला, "काढणार नाहीत रे. बादली कोण उचलेल?"

*

क्लायंट म्हणाला, ज्याने आयुष्यात गेम खेळला नाही अशा माणसाला खेळायला बसवा. आम्ही बिल्डिंगच्या वॉचमनला बसवलं. नाना. वय साठच्या पुढे.

खेळ झोपडीत सुरू होतो, आत शेकोटी पेटलेली. नानांनी पहिलं काम काय केलं, तर शेकोटी विझवली. मग बाहेर जाऊन झाडाखाली, वाऱ्याच्या तोंडावर बसले. पट्टी संपली. माणूस आडवा.

"मस्त थंड वारामा बसेल व्हता," नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "हाऊ काबर मरी गया?"

"गारठून मेला, नाना. शेकोटी का विझवली?"

"उनाळामा शेकोटी कोन लावस?"

मला ते इतकं पटलं की मी गेममध्ये एक म्हातारा टाकला. टोपी, हातात बादली. दिसली शेकोटी की ओत पाणी. सर दोन दिवसांनी ओरडले, "काय फालतूपणा आहे? काढ तो!" पूर्ण काढायला आठवडा गेला असता. मी सगळ्यांसमोर नुसता बंद करून ठेवला.

*

क्लायंटचं पुढचं म्हणणं, आग छान आहे पण ऊब वाटत नाही.

डिसेंबर होता. आम्ही एका मित्राच्या शेतात भरीत पार्टी केली. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात ही मोठी हिरवी वांगी. आम्ही जेवलो. युसूफ मोबाईल घेऊन आगीसमोर उकिडवा बसून राहिला, आणि त्यावरून त्याने नवीन आग काढली. इतकी बरोबर, की चुकून त्यात एक वांगंही राहिलं.

क्लायंट खूश. एकच प्रश्न: आगीतला तो हिरवा चमकणारा दगड कशाचा आहे?

आता गेमची गोष्ट लिहायचं काम माझं. मी लिहिलं, "ते अग्नीचं हृदय आहे. ज्याला ते सापडेल त्याला कधीच थंडी वाजणार नाही."

आज त्या गेममध्ये लोक वांगं शोधत डोंगर चढतात.

*

त्या आगीवर सर भलतेच खूश झाले. म्हणाले, "युसूफ, फेब्रुवारीत क्लायंटकडे तू जायचं. दोन महिने. खरा बर्फ बघ, शेवटचा डेमो तूच दे."

युसूफने पासपोर्ट काढला. अम्मीने धुळ्याहून येऊन जॅकेट घेऊन दिलं, तपकिरी, आतून लोकर. तो ते खुर्चीला लावून ठेवायचा. जेवायला जाताना सोबत न्यायचा. मी ते बघून गेममधल्या माणसालाही तसलंच तपकिरी जॅकेट घातलं.

मग मी त्याला म्हणालो, "अशी सवय नाही व्हायची. सावद्याला माझा मामा केळ्यांच्या कोल्ड रूमवर आहे. तासभर बसून ये."

मी गंमत केली होती. हा खरंच गेला.

"काय म्हणते थंडी?"

"थंडी ठीक आहे," तो म्हणाला. "पण आधी बोटं जातात रे. आपल्या गेममध्ये बोटं जातच नाहीत." आणि त्याने ते गेममध्ये करून टाकलं. पट्टी अर्धी झाली की आधी हातातली वस्तू पडते. क्लायंटने त्यावर मोठं कौतुकाचं पत्र पाठवलं. सरांच्या नावाने.

*

जानेवारीच्या शेवटी सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. एसी चालू होता.

"युसूफ, तू गेलास तर इथे आग कोण सांभाळणार?"

म्हणून सरांचा भाचा गेला. भाच्याने तोवर गेममध्ये एक दगड काढला होता. साधा.

निघायच्या आदल्या दिवशी भाचा युसूफच्या खुर्चीपाशी आला. "यार, ते जॅकेट... तुला आता लागणार नाही ना?"

युसूफने काढून दिलं. खिशात त्याचा रुमाल होता, तेवढा घेतला.

*

भाच्याचा पहिला फोटो आला. गुडघाभर बर्फ, तपकिरी जॅकेट. खाली लिहिलेलं, "स्वतः गारठल्याशिवाय आग काढता येत नाही."

युसूफने त्यावर लाईकचा अंगठा टाकला. मी म्हणालो, "अरे, शिवी तरी दे."

"अम्मीने बघितला फोटो," तो म्हणाला. "म्हणाली, जॅकेट चांगलं निघालं."

*

मार्चमध्ये डेमो. तिकडे क्लायंटची सगळी माणसं आणि भाचा. इकडे मोठ्या स्क्रीनसमोर सर, मी, आणि चहा घेऊन आलेले नाना. ऊन सुरू झालेलं. युसूफ मागे कूलरपाशी.

भाचा खेळू लागला. तपकिरी जॅकेटवाला माणूस पहिल्या शेकोटीजवळ आला. झाडामागून टोपीवाला म्हातारा निघाला. बादली ओतली. शेकोटी विझली.

भाचा हसला, दुसऱ्या शेकोटीकडे गेला. म्हातारा तिथे आधीच उभा. तिसरीकडेही तेच. पट्टी अर्धी झाली. हातातली मशाल बर्फात पडली. जॅकेटवाला माणूस गुडघ्यावर बसला, मग आडवा झाला.

"हाऊ काबर मरी गया?" नाना म्हणाले.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे बघितलं. मग सर हळूच वळले.

"युसूफ, आग कोण सांभाळत होतं?"

युसूफच्या हातात रिकामी बादली होती.

"मी तर पाणी भरत होतो, सर."