वारा मागून येतो

गाडी वेळेवर सुटण्याहून मोठं पुण्य या पृथ्वीवर नाही, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. सगळी आळी त्यांना काका म्हणायची. भोरच्या एसटी स्टँडवर त्यांनी उभी हयात वाहतूक नियंत्रकाचं काम केलं होतं. कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागली, हे माइकवरून सांगता सांगता त्यांचा आवाज असा घडला होता, की निवृत्तीच्या दिवशी माइक स्टँडवर राहिला आणि आवाज घरी आला. मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून राहायला आलो तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. सकाळी मला जाग यायची ती त्यांच्या घोषणेनं. "मागच्या खोलीतले सर, न्हाणीघर मोकळं झालेलं आहे. पाणी तापलेलं आहे. सरांनी त्वरित लाभ घ्यावा." ही सूचना सगळ्या आळीला ऐकू जाई, आणि मी टॉवेल शोधेपर्यंत समोरच्या किराणा दुकानात माझ्या आंघोळीचा विषय निघालेला असे. घरी पाहुणे आले की "या, बसा" असं ते कधी म्हणत नसत. "चला, पुढे सरका, पुढे सरका, मागं जागा आहे," म्हणत. पुतण्याच्या लग्नाला सारोळ्याला जायला खास गाडी केली होती. ठरलेल्या वेळेला काकांनी शिट्टी मारली आणि गाडी सोडली. नवरदेव अजून आरशासमोर होता. तो मागाहून मित्राच्या स्कूटरवर, फेटा मांडीत धरून, कार्यालयात पोहोचला. भावकीनं तोंडसुख घेतलं, तर काका शांतपणे म्हणाले, "नवरदेव काय आणि साधा प्रवासी काय, वेळ सगळ्यांना सारखी."

हे मी हसून सांगत असलो, तरी माझ्या पोटाला लागलेली भाकरी या माणसाच्या आवाजाची आहे, हे आधी सांगायला हवं. मी वेल्ह्याच्या डोंगराकडच्या वाडीतला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला. भोरच्या हायस्कुलात इतिहास शिकवायची नोकरी मिळाली खरी, पण माझा आवाज दुसऱ्या बाकाच्या पलीकडे जात नव्हता. मुलं बेंबीच्या देठापासून ओरडत आणि मी शहाजीराजांबद्दल स्वतःशीच बोलत असे. नोकरी सोडून गावी जावं असं मनात येऊ लागलं. काकांना हे कळलं, तसे ते मला नीरेच्या काठावर घेऊन गेले. मला अलीकडे उभं केलं, पूल ओलांडून स्वतः पलीकडे गेले आणि तिथून ओरडले, "वाचा धडा!" मी वाचला. "ऐकू आलं नाही! पुन्हा!" धुणं धुणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. परत आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घशातून ओरडायचं नाही सर, आवाज पोटातून काढायचा. शेवटच्या बाकावरचं पोर म्हणजे फलाटाच्या टोकाला उभी असलेली म्हातारी समजा. तिची गाडी चुकली तर पाप तुम्हाला." त्या वर्षी मी नोकरी सोडली नाही. पुढेही कधी सोडली नाही.

अशा या एसटीच्या भक्ताला देवानं बायको दिली, ती एसटीत बसली की ओकणारी. काकू हिर्डोशीच्या. वरंध घाटाकडचं डोंगरातलं गाव, रस्ता सगळा वळणांचा. "इंजनाचा वास आला की माज्या पोटात कालवतंय," असं त्या म्हणत. लिंबू, आलं, चिंच, पुढची सीट, खिडकीची सीट, सगळं करून झालं होतं. पहिल्या दोन वळणांतच सगळं बाहेर यायचं. तरुणपणी त्या निम्मा रस्ता चालत माहेरी जात. पुढे गुडघ्यांनी ते बंद केलं. डेपोतली माणसं काकांना चिडवत, "साहेब, जगाला गाड्या दाखवता आणि घरचा प्रवासी फलाटावरच!" हिर्डोशीला काकूंची आई होती, फार म्हातारी, डोळ्यांनी अधू. ती येणाऱ्याजाणाऱ्या कंडक्टरबरोबर नाचणीचं पीठ पाठवी आणि दर वेळी एकच निरोप सांगे, "येकदा येऊन जा म्हनावं." काकू पीठ डब्यात ओतत आणि काही बोलत नसत. बोलल्या असत्या तरी काकांच्या आवाजापुढे ते कुणाला ऐकू गेलं असतं, कोण जाणे.

निवृत्तीच्या दिवशी गळ्यातला हार काढता काढता काकांनी विचारलं, "सांग, तुला काय पाहिजे? दागिना? काशी?" काकू म्हणाल्या, "मला येकदा न वकता म्हायेरला जायचंय." एवढंच. काका त्या दिवशी जेवले नाहीत, असं काकूंनी मला पुढे सांगितलं.

सारोळ्याला, नीरेच्या पुलाजवळच्या एका गॅरेजच्या दारात तेव्हा एक जुनी, दोन दारांची, उघड्या टपाची मोटार पडून होती. पुण्याच्या कुणा हौशी माणसाची. महाबळेश्वरला निघाली आणि तिथंच तापून बसली. कॅनव्हासचं छप्पर मागं दुमडलं की वर नुसतं आभाळ. काकांनी ती पाहिली आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. बंद गाडीत वास कोंडतो म्हणून ही ओकते. वर छप्परच नसेल तर वास थांबेल कुठं? त्यांनी ती विकत घेऊन दुरुस्त केली. गाडी भोरच्या रस्त्यानं आमच्या आळीत शिरली, तेव्हा लोक दारात आले. काका सुकाणूमागे ताठ बसून सांगत होते, "भोर ते हिर्डोशी, विना थांबा, विना ओकारी."

पहिल्या फेरीला मागच्या अरुंद बाकड्यावर गुडघे छातीशी घेऊन मीही होतो. भोर मागं पडलं, भाताची खाचरं सुरू झाली. काकूंना मळमळलं नाही. पण थोड्याच वेळात त्यांनी डावा कान दाबून धरला. लहानपणी तो फुटलेला होता, वारं लागलं की ठणकायचा, आणि ठणक वाढला की चक्कर येऊन पुन्हा तेच. तेच झालं. आम्ही अर्ध्यातून परत फिरलो. काकांनी गाडी दाराशी लावली आणि त्या दिवशी "गाडी आलेली आहे" असं काही ते म्हणाले नाहीत.

त्यानंतर सुरू झालं ते वाऱ्याशी युद्ध. छप्पर लावून पाहिलं. "ही मग यष्टीच झाली की," काकू म्हणाल्या. कानात बोळे घातले, तर डोकं गरगरू लागलं. मफलर गुंडाळला, तर तो फुग्यासारखा फुगला. काकांनी पुढच्या काचेवर आणखी एक काच चढवली. गाडी शिडाच्या होडीसारखी दिसू लागली आणि वारा तसाच. हे सगळं चालू असताना काकू पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगत होत्या.

"अवो, वारा मागनं येतोय."

"काहीतरीच बोलू नकोस. गाडी पुढं चाललीय, तर वारा मागून कसा येईल?"

"मग ह्यो पदर कुठं चाललाय बगा."

पदर खरोखरच मागून उडून त्यांच्या तोंडावर येत होता. काकांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "नीट खोचला नसशील. तक्रार असेल तर लेखी द्या."

"लेखीच दिते. पाटी आणा, तुमच्याच टकुऱ्यात घालते."

मग दोघांनी माझ्याकडे न्याय मागितला. "सर, तुम्ही शिकलेले. सांगा, वारा कुठून येतोय?" मी इतिहासाचा माणूस, शिवाय भाडेकरू. मी म्हणालो, "दोन्हीकडून." दोघांनीही माझ्याकडे तुच्छतेनं पाहिलं.

काकांना पटलं ते एका संध्याकाळी. काकू नव्हत्या, पुढच्या सीटवर त्यांनी मला बसवलं होतं. माझ्या खिशातला रुमाल खांद्यावरून पुढे उडाला आणि समोरच्या काचेला जाऊन चिकटला. काकांनी गाडी थांबवली. तो रुमाल ते बराच वेळ बघत राहिले. वारा पुढच्या काचेवरून उडी मारून वरून जात होता, मागं रिकाम्या जागेत पडत होता आणि तिथून उलटा फिरून बसणाऱ्याच्या मानेत आणि कानात घुसत होता. "ती किती दिवस सांगत होती," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांचा हळू आवाज मी प्रथमच ऐकला, म्हणून मला जरा भीतीच वाटली.

दुसऱ्या दिवशी आळीतल्याच, खिडक्यांच्या ग्रिल करणाऱ्या भाईंकडे गाडी गेली. काकांनी सीटच्या मागे उभा पत्रा ठोकून घेतला. तो पत्रा रस्त्यावर ताशासारखा वाजला आणि मागचं काही दिसेना. वारा पत्र्यावरून उसळून दुप्पट जोरानं डोक्यावर आदळला. भाई म्हणाले, "साहेब, याला अजून उंच करू?" तेव्हा काकू पहिल्यांदा भाईंच्या शेडच्या आत आल्या. "आमच्या शेतावरच्या खोपीला कारवीच्या काड्यांचा कूड असतोय. वाऱ्याच्या अंगाला शेणानं लिंपत न्हाईत, फटी ठिवत्यात. समदं बंद केलं की वारा चिडतोय आन छप्परच घिऊन जातोय. थोडा जाऊ द्यायचा, थोडा आडवायचा." भाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी आयुष्यात पहिल्यांदाच प्रवाशाचं म्हणणं तोंडी मान्य केलं. "करा," ते म्हणाले.

मग पातळ नळीची चौकट झाली, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतकी उंच, दोन्ही सीटच्या पाठीमागे आडवी. तिच्यावर दारांना लावतात ती काळी बारीक जाळी ताणून बसवली. खडखडू नये म्हणून चौकटीच्या पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले आणि पाय गाडीच्या अंगाला स्क्रूनं आवळले. जाळीच्या पायांनी मागच्या बाकड्याची जागा अडवली. काकांनी माझ्याकडे वळून खेदानं जाहीर केलं, "सर, मागची सीट रद्द करण्यात येत आहे." चाचणीला काकूंनी पदर मुद्दाम मोकळा सोडला. सारोळ्याच्या रस्त्याला जाऊन दोघं परत आले. पदर होता तसा खांद्यावर होता. काकू कानाला हात न लावता उतरल्या. भाईंच्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या, तशा त्या लाजून घरात गेल्या.

भातं काढून झाली होती. एका रविवारी मला सकाळच्या एसटीनं हिर्डोशीला पुढं पाठवण्यात आलं, म्हाताऱ्या आजींना सांगायला आणि वाटेत काही झालं तर धावायला. मी अंगणात वाट बघत बसलो. आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. काकांनी सांगितलेली वेळ झाली, टळली, आणखी टळली. काका आणि उशीर या दोन गोष्टी मी कधी एकत्र पाहिल्या नव्हत्या. माझ्या मनात नको नको ते आलं. मी उठून रस्त्याला जाणार, एवढ्यात गाडी वळणावर दिसली, बैलगाडीच्या चालीनं येत होती.

"काय झालं? बंद पडली का?" मी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "ही बोलत होती."

एवढंच म्हणाले. काकू उतरून आईच्या पायाशी बसल्या. आजींनी चाचपून त्यांचं तोंड पाहिलं, मग केसांवरून हात फिरवला. केस बसल्याजागी होते. त्यांनी तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला.

"चालत आलीस व्हय गं?"

"न्हाई आयं. गाडीनं आले."

"आन वकली न्हाईस?"

"न्हाई."

"मंग जेव की आता," असं म्हणून म्हातारीनं नाचणीची भाकरी तिच्यापुढं सरकवली. काकू जेवल्या. आईच्या हातचं पोटभर जेवून त्यांना किती वर्षं झाली होती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. काका उगाच बॉनेट उघडून आत डोकं घालून उभे होते. इंजिनाला काही झालेलं नव्हतं.

पुढच्या भातकापणीच्या आत आजी गेल्या. पण त्याआधी काकू इतक्यांदा जाऊन आल्या, की कंडक्टरकडे निरोप द्यायची आजींना गरजच उरली नाही.

त्यानंतर हिर्डोशीला जायचं काही कारण राहिलं नाही. मला वाटलं, आता गाडी पुन्हा कुणाच्या तरी दारात गंजत पडेल. मी तोवर दुसऱ्या शाळेत गेलो होतो, खोली सोडली होती. काही वर्षांनी एका संध्याकाळी सारोळ्याच्या फाट्यावर मी भोरच्या गाडीची वाट बघत उभा होतो. पुलाकडून ती मोटार आली. छप्पर मागं दुमडलेलं, सीटच्या मागे काळी जाळी. दोघंही खूप म्हातारे दिसत होते. काकू हात हलवून काहीतरी सांगत होत्या आणि काका किंचित त्यांच्या बाजूला कलून ऐकत होते. गाडी अगदी हळू चालली होती, मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, पण ते त्या दोघांना ऐकू येत नसावेत किंवा येऊनही त्याचं काही नसावं. माझ्या समोरून जाताना काकू बोलता बोलता मधेच थांबून हसल्या. कशाला, ते मला बाहेर ऐकू आलं नाही. मी हात वर केला. त्यांचं लक्ष नव्हतं. मग एक ट्रक आडवा आला, आणि तो गेला तेव्हा रस्ता मोकळा होता.