सात वेळा, एकदा मातीनं

"सात वेळा धुतलेत. एकदा मातीनं." खोलीत पाऊल टाकताच अशरफभाय दोन्ही हात पुढे करून सांगत. कुणी विचारलेलं नसे.

ते दाभोळकडचे. १९५८च्या सुमारास कुवेतच्या मिरकाबमध्ये आम्ही पाच कोकणी मुसलमान एका खोलीत राहत होतो आणि गावच्यासारखे एकाच मोठ्या थाळ्यात जेवत होतो. अशरफभाय तेल कंपनीतल्या एका गोऱ्या साहेबाकडे स्वयंपाकाला लागले होते. साहेबानं लांब पायांची दोन शिकारी कुत्री घेतली आणि त्यांना फिरवण्याचं काम अशरफभायना दिलं. कुत्र्याची लाळ लागली की आमच्यात सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीनं. अशरफभाय रोज धूत. बोटांना चिरा पडल्या. तरी आमच्यात वयानं वडील असलेल्या अहमदभायनी त्यांच्यासाठी एक वेगळी ताटली आणून दारापाशी ठेवली.

"तुझ्या साहेबाची कुत्री तरी जोडीनं जेवतात, अशरफ," अहमदभाय म्हणाले. आम्ही हसलो. मीही हसलो.

डिसेंबरात उत्तरेचा वारा सुटला, ऊन मऊ झालं. साहेबानं मुतल्याच्या डोंगरापाशी तंबू ठोकला. आमच्या गावी त्याला कुणी डोंगर म्हटलं नसतं, पण त्या सपाट वाळूत तोच उंच. अशरफभाय पहाटे कुत्र्यांना घेऊन कडा चढत. वर गेलं की खाली आखाताचं पाणी दिसतं आणि हर्णैच्या बाजूचा वास येतो, असं ते सांगत. वास कसला येणार? पण सांगताना त्यांचा चेहरा उजळे.

एका शुक्रवारी साहेब शहरात गेला होता. अशरफभायनी आम्हाला डोंगरावर बोलावलं. उघड्यावर तरी सगळे एका थाळ्यात बसू, एवढीच त्यांची आस होती. त्यांनी पाण्याचे डबे भरून ठेवले होते, चाळलेली माती वेगळी ठेवली होती. आम्ही सोडे, म्हणजे सुकी कोलंबी घातलेला भात घेऊन गेलो.

त्यांचा मेहुणा रियाज आमच्यातलाच. त्यांच्या बायकोचा, झुलेखाचा, हा धाकटा भाऊ, अशरफभायनीच त्याला कुवेतला आणलेलं. त्यानं गंमत म्हणून त्यातल्या एका कुत्रीला बिस्कीट दिलं. तिनं त्याचा हात मनगटापर्यंत चाटला. रियाज पांढरा पडला.

अशरफभायनी त्याला बसवलं. स्वतः पाणी ओतलं, माती चोळली, मोठ्यानं मोजलं. सात झाले. अहमदभायनी मान हलवली आणि रियाजला थाळ्याशी जागा करून दिली.

मग त्यांनीच पिशवीतून अशरफभायची ती वेगळी ताटली काढली आणि दूर, एका दगडावर ठेवली.

अशरफभायनी ताटलीकडे पाहिलं.

"त्याचे सात तुम्हाला मोजता आले, अहमदभाय. माझे?"

"त्याचं एकदाच झालं," अहमदभाय म्हणाले. "तुझं रोजचंच."

अशरफभायनी रियाजकडे पाहिलं. त्याचा हात अजून ओला होता आणि भातात होता. त्यानं मान वर केली नाही.

अशरफभायनी हात पुढे केले नाहीत. ते शब्दही त्यांनी म्हटले नाहीत. कुत्र्यांच्या साखळ्या सोडल्या आणि ते कड्याच्या कडेनं उत्तरेला चालू लागले. कुत्री कधी पुढं धावत, कधी मागं येऊन त्यांच्या हाताला नाक लावत. त्यांनी हात मागं घेतला नाही.

बाकीचे जेवत होते. माझा घास हातातच राहिला. ते दिसेनासे होईपर्यंत मी एकटाच बघत होतो. बघण्यापलीकडे मी काही केलं नाही.