दुर्बळ भावासाठी वेगळी वाटी

देऊळघाटजवळच्या आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीत एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लागायचा. त्या रविवारी तो माझ्या आईसमोरून पुढे गेला. पाळकांनी तिच्या हातात ॲल्युमिनियमची वाटी ठेवली. द्राक्षरस तोच. भांडं वेगळं.

मुलांनो, महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. मी मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. आमचं घर मांगवाड्यातलं, आजोबांपासून ख्रिस्ती. त्याच महिन्यात गावातल्या एका मोठ्या जमीनदार कुटुंबानं बाप्तिस्मा घेतला होता. मांगवाड्यातल्यांचा उष्टा प्याला त्यांना नको होता, म्हणून आमच्यासाठी ही वाटी.

पाळक माझ्याकडे वाकून म्हणाले, "बाई, प्रेमानं घ्या. विश्वासात नव्या, दुर्बळ भावाला अडखळण नको."

दुर्बळ भाऊ. ओलिताचं शेत, दारात जीप, हाताखाली गडी. तो दुर्बळ. आणि सुजल्या पायांनी शाळा झाडणारी माझी आई बळकट. असलं यांचं प्रेम. मागायचं नेहमी आमच्याकडेच.

आई पुटपुटली, "घेऊ दे वं माय. वाटीतबी प्रभू तोच हाय. काऊन भांडतं?"

मी अडले. तिचं ऐकणं हे प्रेम, की तिचा मान राखणं? नोकरीही पाळकांच्याच हातात होती. मग तिच्याकडे पाहिलं. एरवी मान वर करून मोठ्यानं गाणारी माझी आई वाटीत डोळे घालून बसली होती. तेवढं पुरलं.

मी वाटी पाळकांपुढे धरली. "साहेब, आधी तुम्ही घ्या यातून. मग आई घेईल."

त्यांनी हात मागे घेतला. सगळ्यांनी पाहिलं.

जमीनदारीणबाई मागून बोलल्या, "शिकली त लय चढली वं हे."

"हाव," मी म्हटलं. "चढलीच."

वाटी मेजावर ठेवून आईला बाहेर आणलं. संध्याकाळी पाळकांचा निरोप घेऊन चर्चच्या कारभारी मंडळातले एक वडील आले. माफी मागा, प्रेमानं मिटवू, नोकरी राहील. मी म्हटलं, "माफी आईची मागा. तिच्या अंगणात, चारचौघांत."

कोणी आलं नाही. नोकरी गेली. आई रडली, कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिला तिचं चर्च हवं होतं. ते मी तिच्यापासून तोडलं, हे मला ठाऊक आहे.

प्रभूला मी सोडलं नाही. त्या मंडळींना सोडलं. त्यांचा द्वेष करण्याइतकीही त्यांची लायकी नव्हती. अपमान गिळण्याला प्रेम म्हणणारा माणूस कितीही गोड बोलो, त्याच्या पंगतीला बसू नका. मी बसणार नाही. पुन्हा तीच वेळ आली असती, आई पुन्हा रडली असती, तरी हेच केलं असतं.